डॉक्टर भेटेपर्यंत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, मी मुलांच्या अभ्यासाविषयी अगर संस्कारांविषयी बोलेन. ज्याने उभा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात घालविला, त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षावे? परंतु तो विषय या व्यासपीठावरून दरसाल कोणी ना कोणी मांडीतच असतो. मी आज निराळाच विषय घेतला आहे. लहान मुलावर एकाएकी जिवाचे संकट ओढवते, तेव्हापासून ते मूल डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळाविषयी मला बोलावयाचे आहे. मी वैद्य नव्हे. माझी मजल मॅट्रिकपर्यंतचीच. म्हणून जे सांगणार आहे ते आपल्याच ज्ञातीतील दोन डॉक्टरांपुढे आधी वाचून दाखविले आहे व त्यांनी जेथे जेथे कान उपटले तेथे तेथे दुरुस्त केले आहे.

हा विषय मी का घेतला, हे सांगणे भाग आहे. गोष्ट १९८८ सालची. शिमग्याचे दिवस होते. मधल्या सुट्टीत मुले भाजलेले चिंचोके चघळीत अंगणात धावत होती. माझ्या वर्गातील दुसरीचा एक मुलगा एकाएकी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी त्याने गळा धरला होता. तोंड उघडे, पण आवाज नाही. रडणे नाही, खोकला नाही. मी काय केले? मी त्याला पाणी पाजू लागलो. ते नाकातोंडातून बाहेर आले. दुसऱ्या एका गुरुजींनी घशात बोट घालून पाहिले, त्याने चिंचोका अधिकच आत गेला असावा. तिसऱ्याने पाय धरून त्याला उलटा केला. तोवर मुलाचे ओठ काळेनिळे पडले. सायकलीच्या कॅरिअरवर त्याला घेऊन आम्ही तीन किलोमीटरवरील दवाखाना गाठला, तेव्हा डॉक्टरांनी मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले व मान हलविली. संध्याकाळी त्याची आई शेतावरून आली. ती मला बोलली नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तिथंच होतात ना?"

मी तेथेच होतो. त्यानंतर कित्येक वर्षांनी एका प्रथमोपचार वर्गात मला ठाऊक झाले की, श्वासनलिकेत अडकलेली वस्तू पोटाखालून दाब देऊन बाहेर उडविण्याचा उपाय हेन्री हाइमलिख या अमेरिकन शल्यविशारदाने १९७४ सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे तो मुलगा गेला, त्याच्या चौदा वर्षे आधी. त्याला ना औषध लागते, ना हत्यार; दोन हात पुरतात. माझ्यापाशी दोन हात होते.

म्हणून सर्वांत प्रथम हाच उपाय सविस्तर सांगतो. श्रोत्यांनी थोडा धीर धरावा. घशात काही अडकले असता मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकल्यासारखा दुसरा उपाय नाही. पाठीवर धपाटे घालून त्यात विघ्न आणू नये. परंतु आवाज बंद झाला, खोकला क्षीण झाला, चेहरा निळसर पडू लागला, तर क्षणाचाही विलंब नको. मूल एक वर्षाहून मोठे असेल तर त्याला पुढे वाकवून, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच जोरदार थापा माराव्यात. वस्तू निघाली नाही तर मुलाच्या मागे गुडघे टेकून बसावे, हात त्याच्या बगलेखालून पुढे न्यावेत, एक मूठ बेंबीच्या किंचित वर परंतु छातीच्या हाडाच्या बरीच खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती मूठ धरावी आणि आत व वर असा झटका द्यावा. असे पाच वेळा. मग पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. वस्तू बाहेर पडेपर्यंत अगर मूल शुद्ध हरपेपर्यंत हाच क्रम.

एक वर्षाच्या आतील तान्ह्या मुलाचे पोट मात्र कदापि दाबू नये. आतील यकृतास इजा होते. त्याला आपल्या हातावर उपडे घ्यावे, डोके धडापेक्षा खाली असू द्यावे, मान व हनुवटी सावरून धरावी व पाठीवर पाच थापा द्याव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. आणि वस्तू डोळ्यांना स्पष्ट दिसत असल्याखेरीज कोणाच्याही घशात बोट घालू नये. आमच्या हातून जी चूक झाली ती हीच. मूल बेशुद्ध झालेच तर त्याला कठीण जमिनीवर निजवून छाती दाबण्यास आरंभ करावा. छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी खोल, मिनिटास १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबावी, तोंडात पाहावे, मग दोन श्वास द्यावेत, पुन्हा दाबावी. ऐकून हे साधत नाही, हात बसावा लागतो. त्याची व्यवस्था काय केली आहे ते शेवटी सांगतो. वस्तू निघाली व मूल हसू लागले, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

आणि मुळात असे संकट येऊच नये म्हणून, चार वर्षांच्या आतील मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके देऊ नयेत; द्राक्ष उभे चिरून द्यावे; सीताफळाच्या बिया आपण काढून गर द्यावा. घड्याळातील वा खेळण्यातील बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे. ती काही तासांत अन्ननलिका जाळते. "उद्या शौचावाटे पडेल" असे म्हणून स्वस्थ बसू नये.

आता दुसरी गोष्ट, ती माझ्या घरचीच आहे. दिवाळीत माझी लेक माहेरी आली होती. तिचा दोन वर्षांचा मुलगा तापाने फणफणला आणि रात्री त्याला आकडी आली. डोळे पांढरे, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. माझी सहधर्मचारिणी कांदा फोडावयास धावली. शेजारच्या काकू हातात चप्पल घेऊन आल्या. जावईबापू दातखिळी उघडण्यासाठी चमचा घेऊन बसले. प्रत्येकाच्या मनात मायाच होती, हे मी शपथेवर सांगतो. पण कांद्याने वा चपलेच्या वासाने आकडी थांबत नाही, आणि चमच्याने दात मात्र मोडतो, जीभ फाटते, मोडलेला दात घशात जातो. मी त्या सर्वांस बाजूस सारले, नातवास कुशीवर निजविले, म्हणजे लाळ व ओकारी बाहेर वाहून जाते, अंगावरचे कपडे सैल केले आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहत बसलो. दोन मिनिटांनी आकडी थांबली. त्या दोन मिनिटांत घरातल्या बायकांनी मला काय काय म्हटले, ते येथे सांगण्यासारखे नाही!

सहा महिने ते पाच वर्षे या वयात नुसत्या तापाने अशी आकडी शंभरांतील दोन ते पाच मुलांना येते, आणि बहुतेकांची ती काही मिनिटांत आपोआप शमते. तथापि पाच मिनिटे उलटूनही ती थांबली नाही, अगर थांबून मूल शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर गाडी बोलावून रुग्णालय गाठलेच पाहिजे. आणि पहिल्याच वेळची असेल तर थांबल्यावरही त्याच रात्री डॉक्टरांस दाखवावे. कारण मेंदूच्या तापाचा आरंभही असाच असू शकतो, आणि तो कोणता हे ओळखणे आपले काम नव्हे. तोंडात काही घालावयाचे नाही, पाणीसुद्धा नाही, आणि घड्याळ पाहावयाचे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: "किती मिनिटे?" आमच्याकडे उत्तर असते, "पुष्कळ वेळ, साहेब."

भाजणे व विषबाधा यांविषयी थोडक्यातच सांगतो. चहा, वरण, आंघोळीचे कढत पाणी यांनी मूल भाजले तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा, घड्याळ लावून. बर्फ नको, तूप नको, शाई नको, टूथपेस्ट नको. नंतर स्वच्छ धुतलेला कपडा सैलसर झाकून न्यावे. मुलाने रॉकेल, टर्पेन्टाइन यांसारखे तेल प्याले असता मिठाचे पाणी पाजून अगर बोट घालून ओकारी काढणे ही आपल्याकडील सर्वांत घातक चूक होय. पोटात गेलेले रॉकेल फारसे मारीत नाही. ओकताना ते फुप्फुसात शिरते, ते मारते. भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावे आणि ज्या बाटलीतून प्याले ती बाटली बरोबर न्यावी. सरबताच्या जुन्या बाटलीत रॉकेल अगर फिनेल ठेवणाऱ्या घरांस काय म्हणावे, ते मी अध्यक्षांच्या समक्ष बोलत नाही.

जुलाबांविषयी मात्र मला जरा विस्ताराने बोलू द्यावे. कारण आपल्या आजीपणजीच्या काळी जी समजूत होती, ती अजून पुष्कळ घरांतून गेलेली नाही. "पोट बिघडले आहे, पाणी देऊ नका, आणखी होतील," असे म्हणून मुलाचे पाणी तोडावयाचे, अंगावरचे दूध बंद करावयाचे, टाळू खाली बसली की ती वर उचलण्याचे नाना प्रकार करावयाचे. अहो, टाळू बसते ती शरीरातील पाणी संपल्यामुळे! आणि आपण तेच बंद करतो.

१९७१ साली बांगलादेशाच्या लढ्यात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. तेथे दिलीप महालनबीस नावाचे बालरोगांचे डॉक्टर काम करीत होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत चाललेले, परिचारिका मूठभर, रुग्ण जमिनीवर ओळीने पडलेले. तेव्हा त्यांनी साखर, मीठ व सोडा पाण्यात मिसळून त्याची पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातलगांच्या हाती पेले देऊन सांगितले की, पाजीत राहा. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे शेकडा चारच्याही खाली उतरले. ते वारल्यानंतर, २०२३ साली, सरकारने त्यांस पद्मविभूषण जाहीर केले. मला त्या हकिकतीतील एकच गोष्ट मोठी वाटते. औषध देणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आयाबहिणींचे होते.

तीच ही जलसंजीवनी. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात, मोठे पाकीट असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, संपूर्ण पाकीट एकदम कालवावे. अर्धे आज, अर्धे उद्या, अशी काटकसर नको. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने. त्याहून मोठ्यास अर्धा ते एक पेला. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण चालूच ठेवावे. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा समजावा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, यास्तव अंदाजपंचे चिमटी टाकू नये. मूल मलूल होऊन प्यावयास मागेना, डोळे खोल गेले, पोटाच्या कातडीस चिमटा घेतला असता ती सावकाश मागे जाऊ लागली, लघवी बंद झाली, म्हणजे मग घरची हद्द संपली. वाटेतही पाजणे चालू ठेवून रुग्णालयात न्यावे.

मे महिन्याच्या सुट्टीत आपण बहुतेक कोकणात गावी जातो. तेथे विंचवाचे व जनावराचे भय. लाल विंचू लहानग्यांस विशेष बाधतो. घामाने अंग निथळणे, ओकाऱ्या, हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे, आणि त्याचा खरा घाला हृदयावर असतो. हे उकलून दाखविले ते आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात उशाशी बसून त्यांनी रोगी पाहिले आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा उपयोग सिद्ध केला. १९८२ व १९८६ साली विलायतेतील 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने त्यांचे लेख छापले. पूर्वी जी मुले हमखास दगावत, ती या गोळीने वाचू लागली. पण ती गोळी भगताच्या अंगणात मिळत नाही. सर्पदंशात पट्टा आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे, तिन्ही वर्ज्य. हात वा पाय मोडला असता फळी बांधून जसा स्थिर ठेवतो तसा ठेवावा, मुलास चालू देऊ नये, उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरील लस रुग्णालयातच टोचली जाते.

गाडीचे काय? महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची विनामूल्य गाडी २०१४ पासून सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. या गाड्यांमागेही एका लेकराची कथा आहे. पीटर सफार हे अमेरिकेतील पिट्सबर्गचे भूलतज्ज्ञ. तोंडाने श्वास देऊन माणूस जगविता येतो, हे जगाला शिकविणाऱ्यांपैकी एक. १९६६ साली त्यांच्याच लहान मुलीस दम्याचा तीव्र झटका आला. ती रुग्णालयात पोचेपर्यंत तिच्या मेंदूस प्राणवायू मिळाला नाही आणि ती गेली. ज्याने साऱ्या जगास शिकविले, त्याचेच मूल गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्या शहरातील गरीब वस्तीतील बेकार कृष्णवर्णीय तरुणांस शिकवून तयार केले व 'फ्रीडम हाऊस' नावाची रुग्णवाहिका सुरू झाली. तोवर तेथे पोलीसची गाडी येऊन रोग्याला नुसती उचलून नेई.

१०८ ला फोन लावला की गाव, वाडी, जवळची खूण, मुलाचे वय व काय झाले ते शांतपणे सांगावे आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये. एकाने नाक्यावर जाऊन उभे राहावे. डोंगरातील वाडीवर गाडीस वेळ लागणार असेल, तर शेजाऱ्याची रिक्षा, जीप जे मिळेल ते घेऊन निघावे व वाटेत गाठ घालून घ्यावी.

आता जे बोलणार आहे ते काहींस रुचणार नाही. माझ्या पाहण्यात आपल्या ज्ञातीत गाडीअभावी जितका उशीर होतो, त्याहून अधिक उशीर परवानगीअभावी होतो. मूल धापा टाकते आहे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे, हे सर्वांआधी कोणास दिसते? सुनेस. पण ती काय करते? सासूबाई देवळातून येण्याची वाट पाहते. सासूबाई मामंजींची वाट पाहतात. मामंजी मुंबईला मुलास फोन लावतात. मग देवाला कौल लावण्याचे निघते, कोणी बिब्बा घालण्यास सांगतो. इकडे दोन ते बारा महिन्यांच्या मुलाचा श्वास मिनिटास पन्नास वा अधिक, अगर पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा चाळीस वा अधिक झाला की न्यूमोनिया समजून त्याच दिवशी औषध सुरू करावयाचे असते. मी स्वतः सासरा आहे व हे माझ्यासह सर्व सासऱ्यांस उद्देशून बोलतो आहे. सुनेच्या हाती पाचशेच्या चार नोटा व १०८ क्रमांक आजच द्यावा आणि तिला सांगावे की, लेकरासाठी निघताना कोणास विचारू नकोस. देवाचे मागाहून करता येते, देव थांबतो.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटविला आहे. १०८, जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक, रात्री उघडे असणारे रुग्णालय, रिक्षावाल्या शेजाऱ्याचा क्रमांक आणि नातवाचे वजन. डॉक्टरांस औषधाचा हिशेब वजनावर करावा लागतो, म्हणून ते वजन. दर दोन महिन्यांनी ते बदलतो.

मंडळ दरसाल सत्कारांवर व श्रीफळांवर जो खर्च करते, त्यातील काही रक्कम यंदा शिकवणीच्या कामी वळविण्यास कार्यकारी मंडळाने मान्यता दिली आहे, याबद्दल मी आभारी आहे. येत्या रामनवमीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता, मंडळाच्या सभागृहात आपले ते दोन डॉक्टर येतील आणि छाती दाबणे, श्वास देणे व घशातील वस्तू काढणे प्रत्येकाकडून करवून घेतील. शिकवणीचा पुतळा एकच मिळाला आहे. तेव्हा घरात तान्ह्या मुलाएवढी बाहुली असेल तर ती बरोबर आणावी. वर्गणी नाही. ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, अशा आजीआजोबांसाठी टेबलांची सोय केली आहे, कारण दुपारच्या वेळी घरात मुलाजवळ आपणच असतो. नावे चिटणीसांच्या वहीत आज जाण्यापूर्वी लिहावीत. पहिले नाव मी लिहिले आहे.